विद्युतनाथांचा तापलेला कलश

हिवरदरीत मी पोचलो तेव्हा अर्धं गाव एका विजेच्या मीटरला हात जोडून उभं होतं.

मीटरला शिव्या देणारी गावं मी पुष्कळ पाहिलीत. हात जोडणारं पहिलंच. मी धम्मदीप, राहणार मानवत. दर महिन्याला स्कूटरवर पंचवीस-तीस गावं फिरायची आणि घरोघरच्या मीटरचे फोटो काढायचे, हे माझं काम. वीज मी बनवत नाही, दर मी ठरवत नाही, बिल मी छापत नाही. पण बिल वाढलं की लोकांच्या हाती लागतो तो मीच. मागच्या महिन्यात एका गावानं मला मारुतीच्या पारावर दोन तास अडकवून ठेवलं होतं, तेही चहा पाजून. त्यामुळे ही गर्दी बघून स्कूटर तिथूनच वळवावी असं मला फार वाटलं.

घर येडबाचं. मेंढ्या राखून आणि थोडीफार कोरडवाहू शेती करून जगणारं कुटुंब. पुढच्या भिंतीवरच्या मीटरला झेंडूचा हार घातलेला, काचेवर हळदीकुंकवाची पाची बोटं ओढलेली. आकडे दिसायची काही सोयच ठेवली नव्हती. मीटरखाली घोंगडीवर विद्युतनाथ महाराज बसले होते. भगवी कफनी, आणि रुद्राक्षांच्या माळेत ओवलेले चिनी मातीचे दोन फ्यूज. शेजारी त्यांचा पोट सुटलेला शिष्य मांडी घालून बसलेला. पुढ्यात लाल कापडानं झाकलेला तांब्याचा भलामोठा कलश. कापडाखालून एक वायर निघून घोंगडीखाली शिरत होती आणि पलीकडून बाहेर पडून खिडकीतून घरातल्या प्लगपर्यंत गेली होती.

"कलशाला वायर कशाला?" मी शेजारी उभ्या असलेल्या कडूबाईंना विचारलं. या येडबाच्या शेजारीण, सत्तरीच्या, आणि तोंडानं फटकळ.

"देवी इजेची हाय ना बाबा. वायरीबिगर येईल कशी?"

मी जरा पुढं सरकलो आणि ऐकू लागलो.

"मायबाप हो," महाराज माइकवर बोलू लागले, "फेज म्हंजे शिव. न्यूट्रल म्हंजे पार्वती. दोघांचं भांडण झालं की शॉर्टसर्किट. अन् अर्थिंग म्हंजे काय? पाताळ. येलदरीला पूर्णामाईला धरणात कोंडलं, तिच्या पाण्यातून ईज काढली. माईला राग यायचा न्हाई का? त्यो राग तारेतून येतो अन् तुमच्या मीटरात उतरतो. त्यालाच ही मंडळी युनिट म्हंतेत."

'ही मंडळी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. गावानं माझ्याकडे वळून पाहिलं. मी मोबाइल खिशात घातला.

गाव वैतागलेलं होतं, हे मात्र खरं. उन्हाळ्यापर्यंत चार-पाचशेत भागणाऱ्या घरांना जेठापासून अडीच-तीन हजारांची बिलं यायला लागली होती. अर्ज झाले, मीटर तपासून झाले, मीटर ठीक निघाले. "आमच्या घरी एक फॅन, दोन बल्ब अन् टीवी, दुसरं काही न्हाई," असं प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. मग कुणीतरी विद्युतनाथांना आणलं, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी दोष शोधून काढला.

"सगळं गाव एका डीपीवर, एकाच ट्रान्सफारमरवर," महाराज म्हणाले. "एका उंबऱ्यात दोष शिरला की तारेनं घरोघर जातो. जेठाच्या आधी, ह्या गावात, नवं कोण आलं?"

गावात नवी आली होती येडबाची सून, दीपिका. वैशाखात लग्न झालं आणि जेठात बिल फुगलं. तिची सासू कासाबाई हे तीन महिने मनातल्या मनात जुळवत होतीच, महाराजांनी ते माइकवर सांगितलं. सुनेचा पायगुण वाईट. नवी सून घरात आली आणि म्हैस आटली तरी पायगुण, सासरा घसरून पडला तरी पायगुण. आता त्यात लाइटबिलाची भर पडली होती.

"माझा शब्द मानू नका," महाराज म्हणाले. "देवीचा माना."

मग परीक्षा झाली. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, तो लुकलुकत राहतो. आधी गावच्या तीन बायकांनी एकेक करून मीटरवर हात ठेवला. दिवा आपला सावकाश, दोन सेकंदांनी एकदा लुकलुके. मग दीपिकाला पुढं आणलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, डोक्यावर पदर, चेहरा उतरलेला. कासाबाईनं तिचा हात धरून मीटरला लावला. शिष्यानं डोळे मिटून मांडी बदलली, महाराजांनी "अलख" म्हणून आरोळी दिली, आणि दिवा असा काही पळत सुटला की सेकंदाला दोनदा उघडझाप. बायांनी तोंडाला पदर लावले. हात काढला, दिवा सावकाश. हात ठेवला, दिवा पुन्हा सुसाट. तीनदा तसंच झालं.

"पायगुण न्हाई तर काय हाय मंग हे?" कासाबाईचा आवाज रडवेला झाला होता. मला तिचाही राग आला नाही. तीन हजारांचं बिल भरायला तिनं दोन कोकरं विकली होती.

महाराजांनी निकाल दिला. सुनेला सात अमावास्या माहेरी ठेवायचं, देवीला एक काळा मेंढा द्यायचा, आणि दोष निघून गेल्यावर घरागणिक पाचशे एक रुपयांत मीटरला बंध बांधायचा. मग कलशातलं तीर्थ वाटलं. मीही पळीभर घेतलं, आणि जीभ भाजली.

"गरम हाय की ओ," कडूबाई म्हणाल्या.

"देवीचा ताप हाय तो," शिष्य गंभीरपणे म्हणाला. "पोरीनं वाढवलाय."

लोकांनी त्या तापालाही हात जोडले. मला मात्र त्या पाण्याच्या चवीत ओळखीचं काहीतरी लागलं. हिवाळ्यात बादलीत रॉड टाकून पाणी तापवतो ना, अगदी तसलं. मी काय ते समजलो. समजलो आणि गप्प बसलो, हेही सांगायला हवं. मी कंत्राटी माणूस. आधीच गावाच्या दृष्टीनं युनिट पाडणारा तो मीच. कुठं नसती कटकट ओढवून घ्यायची, असा विचार करून मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते.

दीपिकाचं माहेर जिंतूरकडं. गावातलाच एक ऑटो तिला सोडायला दारात येऊन उभा राहिला. मल्हार, तिचा नवरा, बॅग घेऊन बाहेर आला. तो कुणाकडेच बघत नव्हता. येडबा ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. दीपिका ऑटोकडं निघाली, वाटेत लिंबाखाली माझ्यापाशी थांबली.

"दादा, तुमी मीटरवाले ना?" ती हळूच म्हणाली. "ती लाल लाइट कशानं पळती?"

"घरात वीज जेवढी वापराल तेवढी पळती," मी सांगितलं. "बत्तीसशे वेळा लुकलुकली की एक युनिट होतं. तिला दुसरं काही कळत नाही."

"हात कुणाचा हाय ते?"

"ते तर बिलकुल नाही."

"मंग मघाशी पळायली होती ती कशानं?"

मी कलशाकडं पाहिलं. तिनं माझ्या नजरेकडं पाहिलं. पोर हुशार होती, मला पुढं काही बोलावंच लागलं नाही. ती तशीच मागं फिरली आणि सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, मी जाते माहेरी. पण एकदा अजून मीटरला हात लावू द्या. ह्या टायमाला महाराजांच्या कलशाची पिन काढून."

अंगणात चुळबुळ सुरू झाली. महाराज ताडकन उठले. "पिन काढली तर देवी कोपंल. डीपी उडंल. सगळ्या गावात अंधार हुईल."

"उडू द्या की," कडूबाई म्हणाल्या. "महिन्यातून चारदा उडतीच ती. तवा तुमी कुठं व्हता?"

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं माझ्याही पायात बळ आलं. मी घरात गेलो आणि पिन उपसली. डीपी जागच्या जागी राहिली. दीपिकानं मीटरवर उजवा हात ठेवला. दिवा सावकाश. डावा ठेवला. सावकाश. मग तिनं दोन्ही हात ठेवले आणि कपाळही टेकवलं. दिवा दोन सेकंदांनी एकदा, आपल्या संथ चालीनं.

"देवी रुसून गेली," महाराज म्हणाले. "आता ती..."

तोवर मी कलशावरचं कापड ओढलं होतं. आत पाणी, आणि पाण्यात वेटोळ्याचा हीटर रॉड, बाजारात चार-पाचशेला मिळतो तो. घोंगडी उचलली तर शिष्याच्या गुडघ्याखाली बोर्ड आणि बोर्डावर बटन. मघाशी भक्तिभावानं बदललेली मांडी ती हीच. मी पिन पुन्हा लावली आणि कडूबाईंना म्हणालो, "मावशी, तुम्ही दाबा."

कडूबाईंनी बटन दाबलं. मीटरजवळ चिटपाखरू नसताना दिवा पळत सुटला. बंद केलं, सावकाश. चालू केलं, सुसाट. त्यांना त्यात इतकी गंमत वाटायला लागली की आठ-दहा वेळा झाल्यावर मी त्यांना आवरलं, कारण तेवढ्यानंही येडबाचं बिल वाढत होतं.

"हातात न्हाई, बाबाच्या शिष्याच्या टोंगळ्यात करंट हाय," त्या म्हणाल्या.

शिष्य कलश तिथंच टाकून ऑटोत जाऊन बसला होता. ऑटोवाल्यानं किल्ली काढून खिशात घातली. दोघा-चौघांनी बाह्या सरसावल्या, पण मी मध्ये पडलो. अशा लोकांसाठी जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, हात उचलायचं काम नाही, असं म्हणून मानवतच्या पोलिसांना फोन लावला. महाराज घोंगडीवर खाली बसले आणि फ्यूजची माळ काढून कफनीत लपवायला लागले.

गोष्ट इथं संपली असती तर मी खुशीत घरी गेलो असतो. पण कासाबाई पुढं आली. तिच्या हातात बिलाचा कागद होता.

"बाबा ढोंगी असंल," ती म्हणाली. "पर बिल तर ढोंगी न्हाई ना साहेब? दोन हजार आठशे चाळीस. ही घरात आली अन् हे आलं. ते कामून आलं मंग?"

दीपिकाचा चेहरा पुन्हा उतरला. बाबा उघडा पडला होता, पण तिच्यावरचा आळ तसाच होता. ऑटो दारातच उभा होता आणि बॅग मल्हारच्या हातात होती.

"घरातलं सगळं बंद करा," मी म्हणालो.

मल्हारनं फॅन, बल्ब, टीव्ही सगळं बंद केलं. आम्ही सगळे मीटरकडं बघत राहिलो. दिवा लुकलुकतच होता, दोन सेकंदांनी एकदा.

"बगा," महाराजांना खाली बसल्या जागी हुरूप आला. "सगळं बंद हाय, तरी पळायलाय. मी म्हनलं न्हवतं?"

क्षणभर मीही गोंधळलो. दोन सेकंदांना एकदा म्हणजे पाचएकशे वॅट कुठंतरी चालू होते. "घरात अजून काही चालू आहे का?" मी विचारलं.

येडबा जमिनीकडं बघत होता. कासाबाई पदराशी खेळायला लागली. सरपंच माणिकराव घसा खाकरून म्हणाले, "काही न्हाई. अख्ख्या गावात काहीच न्हाई." अख्ख्या गावाचं मी विचारलंच नव्हतं.

दीपिकानं एकदा सासूकडं पाहिलं. मग अंगणाच्या कोपऱ्यात गेली, नळाच्या खड्ड्यावर टाकलेली खताची दोन पोती तिनं बाजूला केली. खाली अर्ध्या हॉर्सपॉवरची पाण्याची मोटार होती. कोरडीच घुमत होती, हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली.

आता मला उलगडा झाला. हिवरदरीत नळ आले ते याच उन्हाळ्यात. पाणी चार दिवसांतून एकदा, तेही दिवसा कधी येईल याचा नेम नाही. नळाला मोटार लावायची मनाई. पण एकानं चोरून लावली, त्यानं सगळं पाणी ओढलं, म्हणून दुसऱ्यानं लावली, आणि बघता बघता घरोघर मोटारी झाल्या. पाणी सुटल्याबरोबर ज्याची मोटार चालू त्याला पाणी. तेव्हा बटन बंद कशाला करायचं? चालूच ठेवायचं, दिवसभर. वर पोतं. कागदपेन घेऊन आलेल्या कुणापुढं मोटारीचा शब्द काढायचा नाही, हे दीपिकाला सासरी आल्या दिवशीच बजावलं होतं. आणि ती भुणभुण गावाच्या कानाला इतकी सवयीची झाली होती की ऐकू येणंच थांबलं होतं.

दीपिकानं मोटारीचं बटन बंद केलं.

भुणभुण थांबली. मीटरवरचा दिवा थांबला. मी मोबाइलवर दोन मिनिटं मोजली, दिवा एकदाही लुकलुकला नाही. आणि त्या शांततेत शेजारच्या घरातून तसलीच भुणभुण ऐकू आली. मग पलीकडच्या. मग माणिकरावांच्या वाड्याकडून जरा जाडसर, कारण त्यांची एक हॉर्सपॉवरची होती. लोक एकमेकांकडं बघायला लागले. माणिकराव "आलोच" म्हणून घराकडं निघाले.

मी हिशेब सांगितला. रोज दहा-अकरा तास कोरडी मोटार म्हणजे पाच युनिटं. महिन्याला दीडशे. आणि शंभराच्या पुढं युनिटचा दरही चढतो, म्हणून पाचशेचं बिल थेट तीन हजारांच्या घरात.

"मोटार कधी घेतली?" मी येडबाला विचारलं.

"लग्नात," तो हळूच म्हणाला. "पाव्हण्यांना पानी पुरावं म्हून."

मोटार आणि दीपिका, दोघी एकाच आठवड्यात त्या घरात आल्या होत्या. दोष कुणाचा ते ठरवताना मोटारीचं नावही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कासाबाईनं मल्हारच्या हातातली बॅग घेतली आणि घराकडं वळली. "चल पोरी घरात," ती म्हणाली. "झालं गेलं."

दीपिका जागची हलली नाही. तिचा आवाज स्वच्छ होता.

"आत्याबाई, तीन महिने मला देवघरात येऊ दिलं न्हाई. आज सगळ्या गावाम्होरं माझा हात धरून मीटरला लावला. म्या घरात गेले तर हे लोक काय म्हंतील? बाबा चोर निघाला म्हंतील. माझं कोन सांगंल? जितक्या लोकांम्होरं ठपका ठेवला, तितक्यांम्होरं तो काढा. मंग येते."

मला वाटलं, आता भडका उडणार. सासरची माणसं, गावासमोर, चार महिन्यांच्या सुनेकडून ऐकून घेतील, असं मी तरी पाहिलेलं नव्हतं. येडबा ओट्यावरून उठला. महाराजांचा बॅटरीवरचा माइक तसाच चालू पडला होता, तो त्यानं उचलला. त्याला माइक धरायची सवय नव्हती, तोंडाला अगदी लावून धरला.

"माझ्या सुनेचा काही दोष न्हाई," तो म्हणाला. "पायगुण-बियगुण काही न्हवतं. मोटार चालू व्हती. ती म्याच लावली व्हती. चूक माझी हाय, अन् पोरीला तकलीफ झाली." त्यानं माइक मुलाकडं धरला. "मल्हार, तूबी बोल."

मल्हारनं मान वर केली. "म्या बॅग आनून द्यायला नको व्हती," तो बायकोकडं बघत म्हणाला. एवढंच बोलला, पण माइकवर बोलला.

दीपिकानं सासूच्या हातातून बॅग घेतली आणि स्वतःच घरात नेऊन ठेवली. कासाबाई तिच्या मागोमाग गेली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, बाहेर फक्त दोघींच्या रडण्याचा आवाज आला. मी मीटरच्या काचेवरचं हळदीकुंकू पुसलं आणि महिन्याचा फोटो काढला.

पोलीस आले, महाराजांना आणि त्यांच्या शिष्याला कलशासकट घेऊन गेले. पुढं गावानं बैठक घेतली. मोटारी निम्म्यांनी काढल्या, निम्म्यांनी अजून पोत्याखाली ठेवल्यात, मी खोटं कशाला सांगू. पण पाणी सोडायच्या आधी आता देवळाच्या भोंग्यावर सांगतात आणि तोवर बटनं बंद असतात. पुढच्या महिन्यात येडबाच्या मीटरवर बहात्तर युनिटं पडली.

तुमच्या घरी बिल फुगलं तर कुणाला बोलवू नका. भर दुपारी घरातली सगळी बटनं बंद करा आणि मीटरच्या लाल दिव्याकडं पाच मिनिटं बघा. लुकलुकत असला तर घरात काहीतरी चालू आहे, ते शोधा. काहीच सापडलं नाही तर लेखी तक्रार करा आणि मीटर तपासून मागा. याला मंत्र लागत नाही आणि पाचशे एक रुपयेही लागत नाहीत. आणि हे सगळं करायच्या आधी तुम्ही घरातल्या कुणावर पायगुणाचा ठपका ठेवला असेल, तर नुसती मोटार बंद करून भागणार नाही. अंगणात या, माणसं गोळा करा, आणि ठपका ठेवताना जेवढा आवाज लावला होता तेवढ्याच आवाजात सांगा की चूक आमची होती.